मावळतीकडचा आरसा

१

जेसंगचं डोकं म्हंजी जुनं डिझेल इंजिन. हँडल मारायची खोटी, की धडधड सुरू. लहान रणातल्या मिठागरवाल्यांत त्याच्या नादाला कुणी लागत नव्हतं. पण दुपारच्याला त्याच्या झोपडीकडं आरसा दाखवायला मात्र कुणी चुकत नव्हतं. ती रीतच हाय.

रण म्हंजी खारा, सपाट माळ. त्यात झोपड्या कोसाकोसावर. मधे झाड न्हाई, दगड न्हाई, काय सुदीक न्हाई. दुपारचा रोटला खाल्ला की आरसा घेऊन बाहेर यायचं आन् शेजाऱ्याच्या झोपडीवर उन्हाची तिरीप मारायची. म्हंजी इचारायचं, बाबा, बरा हायेस न्हवं? तिकडनं तिरीप आली की बरा हाय. आपण आपल्या कामाला मोकळं. न्हाई आली तर हातातलं मीठ ओढायचं दंताळं टाकायचं आन् चालत जाऊन बघायचं. साप चावला आसंल, ताप आसंल, माणूस पडला आसंल. मग त्याच्याशी भांडण असू दे, न्हाईतर सात पिढ्यांचं वैर असू दे. जायचं म्हंजी जायचं.

जेसंगच्या बायकोला, मोंघीला, असंच शेजारच्या देवशीच्या बायकोनं येऊन बघितलं होतं. जेसंग पार पलीकडच्या वाफ्यात मीठ ओढत उभा, आन् इकडं ही तापानं फणफणलेली. ट्रॅक्टरवर घातली. पण रण संपायच्या आत तीच संपली. जाताना लेकीचे, लाभूचे, पाय मांडीवर घेऊन चोळत बसली होती. म्हणाली, "हिचे पाय आसंच मऊ ऱ्हाऊ द्या. माझ्यावानी फुटू देऊ नका." बास. तेवढंच बोलली.

खाऱ्या पाण्यात उभं ऱ्हाऊन माणसाचे पाय लाकडागत होतात. भेगा पडतात, त्यात मीठ बसतं, ते निघत न्हाई. मऊ पायाला एकच रस्ता. शाळा.

आन् लाभूचं ध्यान शाळेत टिकंना. शाळेतच काय, कुठंच टिकंना. चहा ठेवायची आन् उतू जाईस्तवर रणाकडं बघत बसायची. पाढा अर्ध्यात सोडायची. जेसंग म्हणायचा, ही इंजिनाच्या आवाजात जन्माला आलेली पोर. रात्रंदिस विहिरीचं खारं पाणी उपसणारा पंप धडधडायचा, त्या ठेक्यावर झोपायची. आता सोलरचा पंप आला, तो मुका. ठेका गेला तसं पोरीचं ध्यान गेलं.

"मग पुन्हा डिझेलचा लाव की," देवशी म्हणायचा.

"तुज्या बापाचं डिझेल हाय का?" जेसंग म्हणायचा.

२

शाळा म्हंजी एक जुनी एसटी. चाकं काढून रणात आणून ठेवलेली. बाकडी काढून सतरंजी टाकलेली. हेतलबेन म्हणून मास्तरीण होती, स्कूटीवरनं यायची, धुळीनं पांढरी होऊन. शहरातल्या कुठल्या संस्थेनं तिला एक कॉम्प्युटर दिला, त्यात मेंदूच्या कसरतीचे खेळ.

"जेसंगभाई, दंडबैठका काढून अंग भरतं ना, तसंच हे मेंदूचं. रोज थोडं थोडं खेळायचं. ध्यान वाढतं, शिकलेलं टिकतं."

"ध्यान वाढवायला माझ्याकडं बी अवशीद हाय," जेसंग म्हणाला. "चपलीचं."

"तुम्ही? तुमच्या लाभूच्या पायात काटा मोडला तर तुम्हीच रडता, अख्ख्या रणाला माहीत आहे."

जेसंग एसटीच्या पत्र्यावर थुंकला आन् म्हणाला, "लावा काय लावायचं ते." ध्रांगध्रा गावातल्या वसतिगृहाच्या शाळेची परीक्षा होळीनंतर होती. त्यात लाभू निघाली तर निघाली. न्हाईतर पुढच्या साली तिच्या हातात दंताळं.

एक दिस तो बघायला गेला. खेळ साधा. काळा पडदा, मधोमध दिवा. दिव्यावरनं नजर हलवायची न्हाई. आन् पडद्याच्या कडेला कुठंतरी डोळ्याची पापणी लवायच्या आत एक पांढरी ठिणगी चमकायची. ती दिसली की बटण दाबायचं. बरोबर आलं तर टिंग. चुकलं तर ढप.

लाभू ताठ बसलेली. असं ताठ त्यानं तिला कवा बघितलं नव्हतं. टिंग. टिंग. जेसंगच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यालाबी एकदोन ठिणग्या दिसल्या. मग पडदा नुसता काळा ऱ्हायला, आन् लाभूनं बटण दाबलं.

टिंग.

"आता कुठं होती गं?"

"होती की बापा. पार कडंला."

पुन्हा काळा पडदा. पुन्हा दाबलं. टिंग.

जेसंगनं हेतलबेनकडं बघितलं. ती हसली. "मला पण नाही दिसत कधीकधी. पोरांची नजर चपळ असते. कॉम्प्युटर काय खोटं बोलणार आहे?"

पटण्यासारखं होतं. मिठागरात जल्म गेलेल्याच्या डोळ्यात काय ऱ्हातंय? नुसता पांढरा उजेड. पण घरी चालताना एक गोष्ट त्याच्या डोक्यात कुसळासारखी सलत ऱ्हायली. जवा ठिणगी दिसत नव्हती, तवा लाभू दरखेपेला डाव्याच अंगाला जराशी कलायची. आन् एसटीच्या डाव्या अंगाला खिडकी होती. मावळतीची.

३

ध्यान वाढलं, ह्यात मात्र वाद न्हाई. चहा उतू जाईना. पाढे कसे, ओढलेल्या मिठासारखे सरळ रेषेत. जेसंग सांजचं मुद्दाम तिला इचारायचा, आज काय काय झालं सांग. आन् ती सांगायची. देवशीकाका दोनदा खोकले. रानगाढवाच्या कळपातली एक मादी लंगडत होती. तुमी पाण्यात उभं ऱ्हाऊन आईचं नाव घेतलं.

"मी? कवा?"

"घेतलं की. हळू."

घेतलं असंल. जेसंगनं तोंड फिरवलं.

मग एका दुपारी रोटला खाऊन, ऊन डोक्यावर आसतानाच, देवशीला तिरीप दाखवून झाली. देवशीची झोपडी उगवतीला. तिकडनं उत्तर आलं. जेसंग आत आडवा झाला. ऊन कलल्यावर बघतो तर लाभू बाहेरच उभी. पाठ देवशीकडं. आरसा हातात, आन् मावळतीकडं हात हलवतीय.

"काय चाललंय?"

"उत्तर देती बापा. तिकडनं आरसा चमकला."

मावळतीला कुणी न्हाई. मावळतीला रण हाय, आन् रण संपलं की पुन्हा रण हाय. तिकडं पाणी लागत न्हाई, म्हणून तिकडं आजवर कुणी वाफा घातला न्हाई.

"जंगलखात्याची जीप आसंल. काच चमकली आसंल."

"जीप हलती बापा. हे एका जाग्याला हाय. रोज आसतंय."

"मग मृगजळ."

"मृगजळ इचारत न्हाई."

"काय इचारतंय?"

"तेच की. बरी हायसा न्हवं?"

जेसंग चिडला. चिडला म्हंजी त्याचं अंग थंड पडलं, आन् थंड पडलं की त्याला चिडल्यासारखं वाटायचं. त्यानं मावळतीकडं डोळं फाडून बघितलं. नुसता पांढरा उजेड, त्याच्यावर लोंबणारा सूर्य. आन् तवा त्याच्या ध्येनात आलं. सूर्य तिकडंच कलला होता. तिकडच्या माणसाच्या पाठीला ऊन. पाठीला ऊन घेऊन आरसा चमकत न्हाई. हे मिठागरवाल्याच्या शेंबड्या पोराला कळतंय. म्हणून तर ऊन डोक्यावर आसतानाच दोन्हीकडनं आरसा दाखवायची रीत.

"कसा चमकतोय? गोल?"

"न्हाई," लाभू म्हणाली. "आपल्यावानी. शेपटीवाला."

त्यांच्या आरशाचा कोपरा फुटका होता. त्यामुळं त्याची तिरीप साधी पडत नव्हती, तिला एक बारीक शेपटी फुटायची. मोंघी त्याला धूमकेतू म्हणायची. आख्ख्या रणात तसला दुसरा आरसा नव्हता.

जेसंगनं तिच्या हातातनं आरसा हिसकला, पत्र्याच्या पेटीत टाकला, आन् कुलूप लावलं.

"तिकडं उत्तर द्यायचं न्हाई. ऐकू आलं?"

"पण बापा…"

"पण न्हाई न् बिन न्हाई. देवशीला मी दाखवीन. तू बघायचं बी न्हाई तिकडं."

लाभू पेटीकडं बघत ऱ्हायली. मग लई हळू म्हणाली, "मग त्यांनला यावं लागंल."

४

जेसंगला वाटलं, पोर आहे, बोलती काहीबाही. दोन दिस काय झालं न्हाई. तिसऱ्या दिशी तांबडं फुटल्यावर तो दंताळं घेऊन वाफ्यावर गेला.

मीठ रोज ओढावं लागतं. न्हाई ओढलं तर खाली फरशीसारखं धरतं, मातीमोल होतं. मावळतीकडच्या वाफ्याचं टोक आदल्या दिशी त्याच्याच्यानं झालं नव्हतं, तसंच सोडलं होतं. ते ओढलेलं होतं.

देवशीनं ओढलं आसंल, त्यानं मनाशी म्हटलं. मग स्वतःच हसला. देवशी स्वतःचं ओढायला रडतो.

रेषा बारीक होत्या. गडी माणूस दंताळं रेटतो, बाई आपल्याकडं ओढती. ह्या ओढलेल्या होत्या. आन् बांधावर पावलं होती. मावळतीकडनं आलेली. ओली. रणाच्या सुक्या पापुद्र्यावर पाऊल पडलं की पापड मोडल्यागत चिरतो, तसा चिरलेला. ती पावलं सरळ झोपडीपाशी आलेली, पिंपापाशी थांबलेली, दारापाशी थांबलेली. दाराशी जरा जास्तच थांबलेली, कारण तिथं टाचांच्या खळग्यात पाणी साचलं होतं. मग माघारी गेलेली.

जेसंगनं बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. इतकं खारट पाणी त्याच्या विहिरीलाबी नव्हतं.

आत लाभू झोपली होती. पांघरूण नीट गळ्यापर्यंत घेतलेलं, कडा पायाखाली दाबलेल्या. तिला कडा दाबायची सवय नव्हती. त्यालाबी नव्हती.

जेसंग उभा ऱ्हायला तसाच. त्याच्या मनात आलं, आली, बघितलं, गेली. शेजाऱ्यानं करावं तसंच केलं. मी उत्तर बंद केलं, म्हणून. मीच बोलावलं की.

मग तो आपल्याच इचारावर इतका भडकला की दंताळं टाकून थेट एसटीकडं निघाला.

५

"बंद करा ते! बंद करा म्हंतो न्हवं!"

हेतलबेन खडू हातात धरून उभीच. पोरं पत्र्याला चिकटली.

"जेसंगभाई, परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. झालं काय?"

आता काय सांगायचं? मीठ ओढलं म्हणून? पांघरूण घातलं म्हणून? "डोळं खराब व्हायलेत तिचं," जेसंग कसंबसं म्हणाला. "न्हाई ते दिसतंय."

"बसा तुम्ही. खेळून बघा. मग सांगा डोळे कोणाचे खराब आहेत."

पोरं फिदीफिदी हसली. जेसंग इरेला पेटून बसला. मधला दिवा त्याच्याकडं बघत ऱ्हायला. ठिणग्या कवा येत होत्या, कवा जात होत्या, देवाला ठाऊक. ढप. ढप. ढप. त्याची बोटं मिठानं अशी ताठलेली की बटण दाबायला गेलं की दोन दाबली जायची. कुणीतरी म्हणालं, "बापा नापास." पुन्हा हशा.

मग लाभू येऊन शेजारी बसली. तिनं त्याचं बोट हातात धरून बटणावर ठेवलं.

"दिव्याकडंच बघा बापा. मी सांगती. आत्ता."

त्यानं दाबलं. टिंग.

"आत्ता."

टिंग.

"आत्ता."

पडदा पार काळा होता. जेसंगनं दाबलं. टिंग. पोरं हसायची थांबली. हेतलबेन पुढं वाकली, पडद्याकडं बघितलं, मग मागं वायरकडं बघितलं. लाभूचा हात त्याच्या हातावर होता, लहान, गरम. ती दिव्याकडं बघत होती. दिव्याकडंच बघत होती. आन् तिच्या डाव्या गालावर, खिडकीच्या अंगाला, बारीक उजेडाचा कवडसा हलत होता. त्याला शेपटी होती.

जेसंगनं खिडकीकडं मान वळवली. खिडकीत रण होतं. दुसरं काय न्हाई.

"वळू नका बापा. वळलं की दिसत न्हाई."

दोघं घराकडं निघाले. मग लाभूच म्हणाली, "लई लांबनं चालत यावं लागतंय त्यांनला. पाय फुटत्यात."

"कोण हायती ती, लाभू?"

"बरी हायती." तिनं त्याचं बोट धरलं. "भ्याल्यावानी करू नका. तुमी भ्याला की त्यांनला वाटतंय हितं काय वंगाळ झालंय."

घरी जाऊन त्यानं पेटीचं कुलूप काढलं.

६

लाभू पास झाली. वसतिगृहाच्या शाळेचं साल चैतातच सुरू व्हायचं. वसतिगृहात जायच्या दिशी हेतलबेननं तिला बूट आणले. जेसंगनं ते घालताना बघितलं आन् झोपडीच्या मागं जाऊन खोकून आला. ट्रॅक्टरवर चढताना पोर म्हणाली, "दुपारचं उत्तर देत जा. इसरू नका."

"मला दिसत न्हाई गं तिकडचं."

"न दिसू दे. तुमी द्या."

मग तो द्यायचा. रोटला खाल्ला की उगवतीला देवशीला, मग पाठ फिरवून मावळतीला. आंधळ्यानं देवाला हात जोडावं तसं. देवशी एकदा झोपडीवर आला तवा त्यानं इचारलंबी, "तिकडं कुणाला डोळा मारतोस रं?" जेसंगनं दिल्या चार शिव्या. पण हात थांबवला न्हाई. हळूहळू त्याला सवय झाली. खरं सांगायचं तर बरं वाटायचं. एवढ्या मोठ्या रणात आपण बरं आहोत हे कुणाला तरी सांगायचं, ह्यात वाईट काय?

उन्हाळा चढला. देवशीच्या घरी लगीन निघालं, ती सगळी गावाकडं गेली. आन् जेसंगला ताप आला. मोंघीला आला होता तसाच. सकाळी पाय थरथरत होते, दुपारी उठवंना. आरसा खिळ्याला होता, हाताच्या अंतरावर. त्यानं हात लांबवला आन् हात मधेच पडला. देवशी न्हाई. मावळतीला उत्तर न्हाई.

तो पडून ऱ्हायला. वारा थांबला. सोलरचा पंप मुका चालला होता. आन् मग त्याला आवाज आला. पापड मोडल्यागत. चर्र. थांबलं. चर्र. लांब होता, मग कमी लांब. कुणीतरी दुखऱ्या पायानं, दमानं चालत येत होतं.

त्यानं गोधडी तोंडावर ओढली. तो भडक माणूस, रानडुकराला काठीनं हाणलेला माणूस, पोरासारखा गोधडीत शिरला. आवाज पिंपापाशी थांबला. लोटा वाजला. मग दाराशी अंधार झाला. भर दुपारी, दारातल्या उजेडात, कुणीतरी उभं ऱ्हायल्यावर होतो तेवढा अंधार.

गोधडीच्या खालनं त्याला उंबऱ्यापुरतं दिसत होतं. पाय. घोट्यापर्यंत पांढरे. भेगाच भेगा, भेगांत मीठ. घर खराब होऊ नये म्हणून कुणी बाहेरच थांबावं तसे, उंबऱ्याच्या एक बोट पलीकडं थांबलेले. आन् त्यांच्याखाली जमीन हळूहळू ओली होत होती.

बघावं का वर? जेसंगच्या मनात दोन बैल दोन दिशेला ओढायला लागले. बघितलं तर… आन् न बघितलं तर… त्यानं न्हाई बघितलं. पण त्याला बोलायला आलं.

"पोर बरी हाय," तो गोधडीतनं म्हणाला. आवाज फाटला. "शाळंला लागली. बूट घालती. पाय मऊ हायती तिचे. लोण्यागत."

पाय हलले न्हाईत.

"मी बी बरा हाय. जरा ताप हाय नुसता. ऊन लई हाय, तू… तुमी जावा माघारी."

गोधडीची कड सरकली आन् गार काहीतरी त्याच्या कपाळाला लागलं. ओलं. खारट पाणी भुवईवरनं डोळ्यात उतरलं आन् झोंबलं, आन् त्यानं डोळं गच्च मिटलं, आन् त्याला वाटलं, आता हे गार कपाळावरनं कवा निघूच नये. मग पुन्हा चर्र. लांब. जास्त लांब.

७

सांजच्याला तो जागा झाला. अंग घामानं चिंब, ताप उतरलेला. उशाशी लोट्यात पाणी. बाहेर बांबूला टांगलेला फोन वाजत होता. रेंज फक्त त्या बांबूवरच यायची. तो धरधरून उठला. सूर्य बुडाला होता. रण राखेसारखं पडलं होतं.

"बापा? ताप उतरला?"

वसतिगृहाच्या फोनवरनं लाभू. मागं पोरींचा गलका, ताटांचा आवाज.

"तुला कुणी सांगितलं गं ताप हाय म्हणून? देवशी तर हितं न्हाई."

"कुणी न्हाई. मी खिडकीशी बसून बघती की रोज. आज दुपारी तुमचा आरसा चमकला न्हाई."

ध्रांगध्रा कुठं, हे रण कुठं. जेसंगनं बांबू धरला.

"म्हणून मी म्हटलं," लाभू सांगत होती, जशी ती रानगाढवाची मादी लंगडत होती हे सांगायची तशी, "मला हितनं सोडत न्हाईत, तर तू जाऊन बघ."

"कुणाला म्हटलंस?"

मागं पोरी हसत होत्या. मग तिनं लई मायेनं, जणू तोच लेकरू हाय आन् तीच मोठी हाय, इचारलं, "तुमी वर बघितलंच न्हाई व्हय, बापा?"

जेसंगनं बांबूला कपाळ टेकलं.

"न्हाई गं."

"असू दे. पुढच्या खेपंला बघा. आता उत्तर देऊन टाका, ती वाटंत थांबली आसंल. उत्तर मिळाल्याबिगर पाय पुढं पडत न्हाई तिचा."

"सूर्य बुडाला लाभू. आता कसला आरसा?"

"द्या तर."

फोन कट झाला. जेसंग आत गेला, खिळ्यावरचा आरसा काढला, बाहेर येऊन उभा ऱ्हायला. ऊन न्हाई, चांदणं न्हाई. येड्यागत वाटत होतं. तरी त्यानं मावळतीकडं तोंड केलं आन् आरसा वर धरला.

"बरं हाय सगळं," तो म्हणाला. "जा आता, मोंघी. हळू जा."

आन् त्याच्या हातातला आरसा चमकला. शेपटीसकट.